एकास चोवीस

खरं चामडं छोट्या गाडीत खोटं दिसतं.
हे कळेपर्यंत माझ्या तीन सीटा वाया गेल्या.
जुन्या हातमोज्याचं मऊ कातडं तासून तासून
कांद्याच्या पापुद्र्याएवढं केलं, चिकटवलं,
भिंगातून पाहिलं
तर गाडीत हत्ती बसलेला.

एकास चोवीस माप. गाडी लहान होते,
चामड्यावरची छिद्रं होत नाहीत.
मेलेलं जनावर कशाला ऐकेल आपल्या पट्टीचं?
तीस वर्षं मिरकरवाड्याच्या चढावर सीटा शिवणाऱ्याला
ही अक्कल साठीनंतर आली.

आता टिश्यू घेतो. वडापावाबरोबर मिळतो तो.
पातळ डिंकात भिजवून प्लास्टिकच्या सीटवर पसरायचा
आणि ओला आहे तोवर
टाचणीच्या डोक्यानं सुरकुती सरकवायची.
पाठीला थोडी, बैठकीला जास्त,
मागच्या सीटला नावापुरती.
मागे पाहुणे बसतात.

रंग आधी विटकरी, वर काळपट तपकिरी.
वरचा सुकायच्या आत बोटानं पुसून घ्यायचा
जिथे माणूस घासतो तिथे.
चकाकीसाठी वेगळं काही नाही,
कपाळावरून अंगठा फिरवायचा
आणि तोच सीटच्या कडेवरून.

नाझनीननं कुवेतहून फोटो पाठवलाय.
अब्बांची फियाट, बाजूला टेकून चौघं,
बोनेटवर फ्रॉकमधली ती स्वतः, डोळे मिटलेली.
सीट कुठेच दिसत नाही.
“काका, चामड्याची होती ना? तशीच करा.”

नव्हती.
शकूरभाई जेट्टीवरून थेट दुकानात आले होते,
डिकीत सुरमईच्या रिकाम्या टोपल्या.
“चामडं परवडत नाही मिस्त्री.
पण नाझोच्या आईला चामडं वाटलं पाहिजे.”
मी कोल्हापूरहून आलेला चॉकलेटी रेक्झिनचा तागा काढला.
त्यांनी तळहात फिरवला. म्हणाले,
“बास. बकरीसुद्धा फसेल.”

म्हणजे मी आता नकलेची नक्कल करतोय,
आणि तिला हवंय अस्सल.

रेक्झिन उन्हात सरळ रेघेत तडकतं.
चामड्याला जाळी पडते, म्हाताऱ्या हातासारखी.
कोणती ओढू?
टाचणी हातात धरून दोन संध्याकाळी गेल्या.
भगवती बंदराकडून खारा वारा येत राहिला
आणि डब्यातला डिंक काही घट्ट होईना.

मग उजवी कड आठवली.
लिलावाची हाक आली की शकूरभाई
इंजिन चालू ठेवूनच उतरायचे, त्या कडेवरून घसरत.
वर्षभरात ती फाटली.
उतरायला वेळ नाही म्हणाले,
मी दाराशी उकिडवा बसून
त्यांच्या मांडीखालीच टाके घातले.
चॉकलेटी दोरा संपलेला. त्यांनीच खिशातून
जाळ्याचा हिरवा नायलॉन काढून दिला.
अकरा टाके, सगळे तिरके.
माझ्या हातून इतकं वाईट काम
पुन्हा कधी झालं नाही.

एका केसाच्या ब्रशनं
अकरा हिरवे ठिपके देऊन झालेत.
नववा जरा फुटला. राहू दे.
रेघाही सरळच ओढल्या.

लॅकर अजून बाकी आहे.
दमट हवेत मारला तर सीट पांढरी पडते,
भाद्रपदात कपाटातल्या चपला पडतात तशी.
पहाटे मतलई सुटेल,
हवा दोन तास कोरडी राहील, तेव्हा मारीन.
त्यानंतर दारं चिकटवायची. ती उघडत नाहीत.
काचेला डोळा लावून, आत बॅटरी मारून
पाहिलं तरच दिसेल कुणाला काही.

काल तिचा पुन्हा फोन.
“झाली का? चामड्याची?”
मी म्हटलं, तुझ्या आईनं पाहिली होती तशी.
पलीकडे एसीचा आवाज येत राहिला.
मग तिनं विचारलं,
“तो हिरवा दोरा घातलात?”